रिकाम्या जागेचा नियम

मला किळस लवकर येते. चहाच्या कपात कुणाचं बोट बुडालेलं दिसलं की तो चहा माझ्या घशाखाली उतरत नाही, आणि बायको म्हणते, यांना राजवाड्यात जन्माला घालायचं सोडून देवानं परभणीत कशाला पाठवलं कुणास ठाऊक. पण चहाचं सोडा. मला खरी शिसारी आणली ती कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीनं. तिला शेल म्हणतात. चित्र नाही, बटण नाही; एक ओळ टाइप करायची, एंटर दाबायचा, की हुकूम सुटला. ही फाइल तिकडं ने, ती पूस, त्या शंभर फायलींची नावं बदल. लय कामाची वस्तू आहे, जगभरचे प्रोग्रॅमर तिच्यावर पोट भरतात. पण तिची भाषा! फाइलच्या नावात दोन शब्दांमध्ये मोकळी जागा आली की नावाचे दोन तुकडे. एकेरी अवतरण लावलं तर एक अर्थ, दुहेरी लावलं तर वेगळाच. मधली एखादी कमांड तोंडावर आपटली तरी पुढची आपली निवांत चालू, जशी काही तिची मागचीशी ओळखच नाही. आणि हे सगळं मुकाट्यानं चालतं.

मी पुण्यातल्या एका कंपनीसाठी परभणीतून, घराच्या मागच्या खोलीत बसून काम करतो. कंपनी स्वतःची प्रोग्रॅमिंगची भाषा बनवते. कुठल्याही कामाला चालणारी भाषा. तिच्यात दवाखान्याच्या नंबरांची रांग लावा नाहीतर मोबाइलवरचा खेळ करा. फक्त त्या भाषेतून शेलचा हुकूम द्यायचा म्हणलं की लोकांची फजिती व्हायची. अवतरणात शब्दांचे तुकडे एकमेकांना चिकटवत बसावं लागे. मग ठरलं, की आपल्याच भाषेत शेलसारखं सरळ लिहिता यावं. ओळीच्या सुरुवातीला एक खूण केली की पुढचं सगळं हुकूम म्हणून चालावं. ते लिहिण्याची पद्धत कशी असावी, हे ठरवायचं काम माझ्याकडं आलं. ज्या गोष्टीची मला किळस, तीच माझ्या हातात दिली. मी खूश झालो. म्हणलं, आता ही घाण आपण धुऊन काढू.

चार महिने मी दुसरं काही केलं नाही. जेवतानाही बोटानं ताटावर खुणा काढायलो होतो. नावात मोकळी जागा असली तरी नाव एकसंधच राहील, हे पहिल्यांदा केलं. अवतरणांचा गोंधळ मिटवला. जुन्या शेलात डब्यासारख्या नावांआधी लावावी लागणारी डॉलरची चिन्हं हाकलली. एखादी कमांड फसली तर थांबायचं की पुढं जायचं, ते पुढच्या वेळी बघू म्हणून बाजूला ठेवलं. जे झालं होतं त्याचीच शेखी मी फार मिरवत होतो. जुनं शेल लिहिणाऱ्यांना नावं ठेवण्यात माझा अर्धा दिवस जायचा. या लोकांना लाज कशी वाटली नाही, असं मी मीटिंगमध्ये बिनधास्त बोलायचो.

शेवटी एक नियम उरला. हुकूम लिहिताना आपण दरवेळी नाव लिहीत नाही. नावाच्या जागी एक डबा ठेवतो. चालवताना त्या डब्यात जे नाव असेल ते तिथं जाऊन बसतं. समजा हुकूम आहे, ‘कच्चं’ या फोल्डरमधलं अमक्याचं फोल्डर पूस. अमक्याच्या जागी डबा. आता डबा रिकामा निघाला तर? जुन्या शेलमध्ये ती जागा गुपचूप मिटते आणि हुकूम उरतो, ‘कच्चं’मधलं पूस. म्हणजे सगळंच पूस.

आमच्या टीममध्ये एक मुलगी होती, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. बोलायला मऊ, पण मागं न हटणारी. ती म्हणाली, रिकामा डबा दिसला की आपल्या भाषेनं थांबलं पाहिजे, विचारलं पाहिजे. कुणी जागा रिकामी सोडली म्हणजे त्याला काही म्हणायचंच नव्हतं, असं आपण कोण ठरवणार? मी म्हणलं, लोकांना जुनी सवय आहे. पावलोपावली अडवलं तर ते आपल्याकडं फिरकायचे नाहीत. त्यावर ती म्हणाली, तुम्हाला ज्याची किळस येते त्या सगळ्याचीच लोकांना सवय आहे की. ती बरोबर बोलली होती, म्हणूनच मला झोंबलं. आठ लोकांसमोर मी हसून सांगितलं, की रिकामी जागा सोडणाऱ्या बावळटांसाठी मी भाषा बनवत नाही. सगळे हसले. नियम माझा झाला.

याच दिवसांत वालूरहून मावशीचा फोन आला. काका, म्हणजे तिचे यजमान, जाऊन अकरा महिने झाले होते. काकांचं गावात किराणा दुकान होतं, आणि दुकानाहून जास्त जीव मठातल्या शिवभजनावर. सोमवारी मंडळ बसायचं आणि पहिलं भजन काकांचं. गळा गोड वगैरे नव्हता. जरा चिरका, वर गेला की खरखरायचा. पण ते सुरू झाले की बाहेर चपला काढणारी माणसं एक चप्पल पायात, एक हातात, अशी थांबायची. शेवटची दोन-तीन वर्षं मावशी मागं बायकांत बसून फोनवर सगळं रेकॉर्ड करायची. काकांचं, आणि मंडळातलं जे कोण गाईल त्याचं. पहिल्या पुण्यस्मरणाला मठात काकांचाच आवाज स्पीकरवर लावायचा, असं मंडळानं ठरवलं होतं. मावशीला जगात दुसरं काही नको होतं. फोन गच्च भरला होता, आणि त्या रेकॉर्डिंगमध्ये खोकणं, कुत्र्यांचं भुंकणं, मधेच वाजलेला फोन, सगळी मिसळ होती. तेवढं काढून चांगलं चांगलं ठेव, म्हणाली. दुसऱ्या कुणाच्या हातात फोन द्यायला ती तयार नव्हती.

मी मोटारसायकल काढून वालूरला गेलो. मावशीनं तयारी करूनच ठेवली होती. महिनाभर कानाला फोन लावून तिनं सगळं ऐकलं होतं आणि शाळेच्या लांबट वहीत यादी केली होती. डावीकडं गाणाऱ्याचं नाव, उजवीकडं कितव्या नंबरचं ठेवायचं ते. अक्षर मोत्यासारखं, कुठं खाडाखोड नाही. मी फोनमधलं सगळं लॅपटॉपवर ओढून घेतलं. एक नक्कल फोनमध्ये राहू द्यावी, एवढीही अक्कल नव्हती. फोन मोकळा करून दिला आणि वर म्हणलं, बघ, आता कसा भरभर चालतोय. ‘कच्चं’ नावाच्या फोल्डरात प्रत्येक गाणाऱ्याच्या नावानं एकेक फोल्डर केलं. काकांच्या नावाचंही केलं. वही पिशवीत टाकून परत आलो.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी कूलरसमोर बसून मी ती यादी टाइप केली. पहिल्या सोळा ओळींत डावीकडं नावच नव्हतं. उजवीकडं नंबर व्यवस्थित. मी ते पाहिलं. याबाबतीत मला स्वतःला सवलत देता येत नाही. पाहिलं, आणि रिकाम्याला रिकामंच टाइप केलं. बायको जेवायला हाका मारायली होती, आणि मला माझी नवी पद्धत चार ओळींत कसं काम उडवते ते बघायची खाज सुटली होती. हुकूम दोनच होते. त्या नावाच्या कच्च्या फोल्डरमधले निवडलेले नंबर पक्क्या फोल्डरमध्ये ने. मग ते कच्चं फोल्डर पूस. यादीतल्या एकेका नावासाठी हेच. एंटर दाबला आणि उठलोसुद्धा नाही तोवर झालं.

पक्क्या फोल्डरमध्ये बघितलं तर काही नाही. कच्च्यात बघितलं तर तिथंही काही नाही.

पहिल्याच नावाचा डबा रिकामा. पहिल्या हुकमानं ‘कच्चं’च्या दारातच ते नंबर शोधले, तिथं नव्हते, तो गुमान पुढं सरकला. दुसऱ्या हुकमाला सांगितलं होतं अमक्याचं पूस. अमका नाहीच, म्हणून त्यानं सगळं पुसलं. पहिल्याच नावाला. उरलेल्या नावांना हात लावायलाही काही शिल्लक नव्हतं. काही चुकलं म्हणून एक अक्षर पडद्यावर आलं नाही. अगदी मी ठरवलं होतं तसंच.

मग मी वही उघडली आणि त्या सोळा ओळी नीट बघितल्या. नंबर काकांचे होते. मावशीनं काकांचं नाव उभ्या आयुष्यात घेतलं नव्हतं. लग्नाकार्यात बायकांनी धरून बसवून उखाणा घ्यायला लावला असेल, तेवढंच. राशनच्या दुकानात नवऱ्याचं नाव विचारलं की ती शेजारणीकडं बघायची आणि शेजारीण सांगायची. फॉर्मवर ती जागा तशीच सोडायची. टेबलापलीकडचा माणूस गावातलाच, तो भरायचा. लिहिणं म्हणजेही नाव घेणंच, असं तिचं होतं. काका गेल्यावरही तिनं त्यात बदल केला नव्हता. आणि यादीत तिनं त्यांना सगळ्यात आधी घातलं होतं, कारण ते आधी गायचे.

आमच्या घरात मावशीनं सोडलेली जागा म्हणजे काका, हे मला शाळेत असल्यापासून माहीत होतं. तिच्या पोस्टाच्या पाकिटांवरची ती जागा मीच भरून द्यायचो. पुण्यातल्या त्या मुलीला यातलं काही माहीत नव्हतं, तरी ती थांबा म्हणाली होती. मला सगळं माहीत असून मी माती खाल्ली. ज्यांनी जुनं शेल बनवलं त्यांना तरी मावशी ठाऊक नव्हती. मला स्वतःची इतकी घाण वाटली की मोरीत जाऊन साबणानं हात धुतले, परत धुतले, आणि ताटावर जाऊन बसलो तर पहिला घास तोंडात फिरायला लागला. बायकोनं विचारलं काय झालं. काम बिघडलं म्हणलं.

संध्याकाळच्या आत लॅपटॉप घेऊन स्टेशनकडच्या दुरुस्तीवाल्याकडं गेलो. त्यानं दोन दिवस ठेवून घेतला आणि सांगितलं, या जातीच्या डिस्कमधून पुसलेलं परत येत न्हाई साहेब. नावं दिसायलीत, आत काही न्हाई. फायलींची ती पोकळ नावं मी बघितली. मग मंडळातल्या लोकांना एकेक करून फोन केले, कारण न सांगता. तुमच्याकडं काकांचं काही हाय का? एकाकडं सगळ्यांच्या एकत्र आरतीचा व्हिडिओ निघाला. त्यात टाळांचा गलका, आणि काकांचं नुसतं मनगट. वेगळं गाणं कुणाकडं नव्हतं. सगळे म्हणाले, मावशींकडं असंल की, त्याच करायच्या रेकॉर्ड. बाकीच्यांचं जे गेलं त्याचं मला काही वाटलं नाही. ते परत गाऊ शकत होते.

त्या मुलीला मी फोन केला. का केला ते मलाही नीट सांगता येत नाही. कुणीतरी चार शिव्या घालाव्यात असं वाटत होतं बहुतेक. तिनं घातल्या नाहीत. दुसरी प्रत आहे का विचारलं, आणि नाही म्हणल्यावर म्हणाली, नियम बदलायचा कागद मी लिहिते, तुम्ही फक्त हो म्हणा. मी हो म्हणलं. आज आमची भाषा रिकामा डबा दिसला की थांबते आणि कुठल्या ओळीत, कुठला डबा, ते सांगते. लोकांना हे फार आवडलंय. परवा एकानं मला लिहिलं, की तुमच्या या एका नियमानं आमचं मोठं नुकसान टळलं, किती बारीक विचार केलाय तुम्ही. मी त्याला आभार मानल्याचं उत्तर पाठवलं.

मावशीला सांगायला मात्र माझी जीभ वळेना. तिचा रोज सकाळी फोन यायचा. झालं का रं, म्हणायची. मी म्हणायचो, करायलोय, बारीक काम हाय, वेळ लागतोय. पाच दिवस मी हे बोललो. पुण्यस्मरणाला तीन आठवडे राहिले होते. सहाव्या दिवशी ती म्हणाली की मठातल्या स्पीकरवाल्याला एकदा लावून बघायचंय म्हणतोय, तू एखादं तरी पाठव. त्या दिवशी वही आणि लॅपटॉप पिशवीत टाकला आणि निघालो. ताडबोरगावच्या पुढं एकदा गाडी थांबवून परत फिरावं असं मनात आलं. फिरलो नाही, एवढीच काय ती माझी मर्दुमकी.

दुकानामागच्या खोलीत मावशी सुपात तूर निवडत बसली होती. भिंतीवर काकांचा फोटो, कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग. खाली कैलासवासीच्या जागी ‘लिंगैक्य’ छापून पुढं त्यांचं नाव. मी फोटोकडं पाठ करून बसलो. आल्या आल्या सांगून टाकायचं ठरवलं होतं, पण तोंडातून निघालं ते सगळं कॉम्प्युटरचं. फोल्डर काय असतं, डबा काय असतो, हुकूम कसा सुटतो. ती सुपावरचा हात थांबवून ऐकत होती, मी लहानपणी पाढे म्हणून दाखवायचो तेव्हा ऐकायची तशी. शेवटी म्हणलं, यादीत पहिल्या ओळींना नाव नव्हतं ना मावशी, त्यामुळं त्या यंत्राला वाटलं सगळंच पुसायचंय. पुसलं गेलं. परत येत न्हाई.

ती रडली नाही. तिला ‘परत येत न्हाई’ हे ऐकूच गेलं नाही की काय, देव जाणे. तिनं त्याच्या आधीचं तेवढं धरून ठेवलं. मग विचारलं,

“म्हंजे म्या नाव लिहिलं न्हाई म्हणून झालं?”

इथं मला नाही म्हणायचं होतं. तुझी काही चूक नाही, तू लिहायचं तसंच लिहिलंस, जागा कुणाची ते मला ठाऊक होतं, नियम मी केला होता, हट्टानं केला होता, दुसऱ्याला हसून केला होता. हे सगळं सांगायला दोन मिनिटंही लागली नसती. त्याच्याच तर तयारीनं मी एवढ्या लांब आलो होतो. आणि मी मान हलवून म्हणालो,

“तसंच काहीतरी झालं, मावशी.”

आयुष्यात मी पुष्कळ घाणीला नावं ठेवलीत. या वाक्याहून घाण काही माझ्या बघण्यात नाही, आणि ते माझ्या तोंडातून निघालंय.

मावशीनं सूप बाजूला सारलं. उठून न्हाणीत गेली, हातपाय धुऊन आली, डोक्यावर पदर घेतला. माझ्या पिशवीतून स्वतःच वही काढली, पेन माझ्या खिशातला घेतला, आणि जमिनीवर मांडी घालून वहीचं पहिलं पान उघडलं. मला कळलं ती काय करायलीय. तिला थांबवायला पाहिजे होतं. मी बसून राहिलो. पहिल्या ओळीतल्या मोकळ्या जागेत तिनं लिहायला सुरुवात केली. हे नाव तिनं कधी लिहिलंच नव्हतं, म्हणून मधल्या जोडाक्षरावर अडली. मान वर करून फोटोखालची अक्षरं बघितली आणि पुरं केलं. मग दुसऱ्या ओळीत. मग तिसऱ्या. एकही ओळ गाळली नाही, कुठं घाई केली नाही. सोळा झाल्यावर शाई वाळेपर्यंत पानावर हलकेच फुंकर घातली आणि वही माझ्यासमोर सरकवली.

“लिहिलंय बघ सगळीकडं,” ती म्हणाली. “आता लाव.”